काकांच्या पत्रांची ट्रंक: घरची पत्रं वेगळी काढावीत का?

दादरकर
माझे सख्खे काका मुंबईच्या जुन्या इमारतींचा इतिहास लिहिण्यात जन्मभर रमले. मागच्या वर्षी गेले. माळ्यावरून दोन ट्रंका उतरवल्या: आंतरदेशीय पत्रं, पोस्टकार्डं, टाइप केलेल्या उत्तरांच्या कार्बन कॉप्या. एक अभिलेखागार हे सगळं घ्यायला तयार आहे. घरच्यांचं म्हणणं, कामाची पत्रं द्या, घरची ठेवा.

मला हे पटत नाही. काकू माहेरी असतानाचं एक पत्र बघा. सुरुवातीला गॅस संपल्याची तक्रार, आणि मग अडीच पानं काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलवर: १८६० च्या दशकात इंग्लंडात ओतलेले बिडाचे खांब सुटे आणून इथे कसे जोडले, बाल्कन्या कुठे झुकल्यात. हे पत्र कुठल्या ढिगात टाकू?

गिरगावची_मावशी
घरच्या. ते काकूंना लिहिलंय, तुमच्या अभिलेखागाराला नाही. आणि अभ्यासक खांबांवर थांबतात होय? उद्या कुणीतरी त्या गॅसवरही निबंध पाडेल. काकूंना विचारलंत का?

कागदी_घोडा
मावशींशी असहमत. मी याच विषयात पीएचडी करतोय. छापील लेखात इतिहासकार ठाम असतो. शंका पत्रात असते. ‘आत सोडलं नाही, जिना बाहेरूनच पाहिला’ हे लेखात कोण लिहितं? बायकोला लिहितो. ते वाचल्यावर लेखातल्या जिन्याच्या वर्णनावर किती विसंबायचं ते कळतं.

निकोलाऊस पेव्हस्नरचं उदाहरण घ्या. १९५१ ते १९७४ मध्ये इंग्लंडच्या इमारतींचे ४६ खंड काढले. सुरुवातीच्या दौऱ्यांत गाडी चालवायची त्याची बायको, लोला. आता सांगा, तिला लिहिलेलं पत्र घरचं की कामाचं?

गिरगावची_मावशी
गाडी चालवली म्हणून तिची पत्रं जगाची झाली? बरंय!

काळाकोट
कायद्याचं थोडं. कागद ज्याला पत्र आलं त्याचा. मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, तो गेला की वारसांचा. काकांना आलेली पत्रं ट्रंकेसकट देता येतील, छापायची तर लिहिणाऱ्याची किंवा वारसांची परवानगी हवी. देतानाच लेखी अट घाला: अमुक गठ्ठे इतकी वर्षं बंद. संस्था अशा अटी मानतात.

अवांतर: ट्रंक आहे त्याच क्रमाने द्या, आपल्या हाताने लावायला जाऊ नका. कागदाला टाचण्या असतील तर जपून काढा. मुंबईच्या हवेत त्या गंजतात आणि कागद खातात.

दादरकर
मावशी, विचारायला हवं होतं, चुकलंच. काल बोललो. काकू ८१ वर्षांच्या आहेत. म्हणाल्या, ‘ह्यांची पत्रं खुशाल ने. मी लिहिलेली मला परत दे, त्यात सासूबाई आहेत.’

कागदी_घोडा
अरेरे. मग उत्तरांशिवाय नुसते प्रश्न उरणार. बंद गठ्ठ्याचं सुचवून बघा ना. ५० वर्षं?

दादरकर
सुचवलं. ‘पन्नास वर्षांनी सासूबाई बदलणार आहेत का?’ म्हणाल्या. त्यांची पत्रं त्यांच्या कपाटात गेली. गॅसचं मात्र द्यायला सांगितलंय. नंबर लावायला काकाच विसरले होते म्हणे, हे कुठेतरी नोंदलेलं राहू दे.

गिरगावची_मावशी
काकूंना माझा नमस्कार सांगा.