दुर्मिळ माशीमार दिसला, जागा सांगायची की नाही?

माळभटक्या: रविवारी सकाळी सोलापुरापासून तासाभराच्या वाटेवर, ओढ्याकाठच्या बोरी-बाभळीत काश्मिरी माशीमार पक्ष्याचा नर पाहिला. चिमणीहून लहान. गळ्यापासून छातीपर्यंत गडद केशरी आणि त्या केशरीला दोन्ही बाजूंनी काळी किनार. नेहमीच्या लाल छातीच्या माशीमाराला ही किनार नसते. सारखी शेपटी उचलायचा, की बुडाशी पांढरं चमकायचं. याची वीण काश्मीरकडच्या डोंगररानात, हिवाळा निलगिरीत नाहीतर श्रीलंकेत. वाटेत आपल्याकडे टेकला. ग्रुपवर फोटो टाकले, जागा सांगितली नाही, तर दोघांनी अबोला धरलाय. तरी माझं म्हणणं तेच: सांगू नये.

भीमाकाठ: अण्णा, इथं मी तुमच्या विरोधात. १९७२ साली पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णींनी सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक असल्याचं पुढं आणलं, मग १९७९ ला अभयारण्य झालं. त्यांनी लपवून ठेवलं असतं तर? तुमच्या ओढ्यालगत उद्या प्लॉटिंगचे दगड रोवतील, तेव्हा कागदावर काय दाखवणार? सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराबाच, म्हणजे लागवडीला निकामी, राहणार.

बोराटी: आणि गर्दीचं काय? दोन वर्षांपूर्वी धाविक या माळावरच्या पक्ष्याच्या घरट्याची जागा मी विश्वासानं एकाला सांगितली. घरटं कसलं, उघड्या मातीत दोन अंडी. तिसऱ्या दिवशी तिथून गाड्यांच्या चाकोऱ्या गेलेल्या. एक अंडं फुटून मातीला चिकटलेलं, त्याला मुंग्या लागलेल्या. जोडी लांब उभी होती. त्या दिवसापासून मी कुणालाच जागा सांगत नाही.

भीमाकाठ: ताई, फार वाईट झालं. पण घरटं वेगळं, वाटसरू पक्षी वेगळा. हा चार दिवसांत निघून जाईल. गेल्यावर तरी जागेसकट नोंद ईबर्डवर, त्या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, टाका.

ज्वारीचं_रान: मोबाईलवर आवाज लावून पक्षी बाहेर काढणाऱ्यांचं आधी बघा. एवढ्या लांबून आलेला जीव, किडे टिपायचे सोडून त्या आवाजामागं उडतो. ते तरी बंद करा.

माळभटक्या: आवाज मी लावला नाही, लावणारही नाही. पक्षी गेल्यावर नोंद टाकायची हे पटलं. गावाचं नाव देईन, नेमकी बोर दाखवणार नाही. आज पुन्हा जाऊन दीड तास बसलो. बोरीवर नुसते होले.

भीमाकाठ: गावाच्या नावानं ओढा वाचत नाही, अण्णा. गट नंबर लागतो.