‘कोरा चहा’मधला ‘कोरा’ म्हणजे नेमका कसा?

गेल्या आठवड्यात बहिणीकडे गेले होते. भाचीनं विचारलं, "मावशी, तुला ब्लॅक टी ना?" आतून बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या कोरा घेतात." चहा एकच, तो आलाही एकाच कपात, पण ते दोन शब्द दिवसभर माझ्या डोक्यात राहिले. त्यात परवा एका अनुवादित लेखात ‘काळा चहा’ वाचलं आणि इथे लिहायचं ठरवलं.

मी वीसेक वर्षं बिनदुधाचा चहा पिते. पथ्य म्हणून नाही, आवडतो म्हणून. दूध पडलं की चहाचा तुरटपणा जातो आणि मला नेमका तोच हवा असतो. त्यामुळे या चहाला कोण काय म्हणतं याकडे माझं बारीक लक्ष असतं.

मला ‘कोरा’ हाच शब्द योग्य वाटतो, आणि तो का, ते सांगते. कापड कोरं म्हणजे अजून पाणी न लागलेलं. मडकं कोरं म्हणजे अजून न वापरलेलं. कागद कोरा, नोट कोरी करकरीत, आणि शेतकऱ्याला हवा असतो तो कोरा सातबारा. यातल्या कुठल्याच वस्तूत काही कमी नाही. ती मुळात जशी आहे तशी आहे, तिच्यावर अजून काही चढलेलं नाही. ‘बिनदुधाचा’ म्हटलं की मात्र हिशेब उणिवेचा होतो, बिनपगारी रजेसारखा. दुधाचा चहा हाच खरा आणि हा त्यातून काहीतरी वजा केलेला, असं तो शब्द सांगतो.

‘काळा’बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. काचेच्या पेल्यात ओतून उजेडात धरा, हा चहा काळा दिसत नाही. तांबूस दिसतो, आणि लिंबू पिळलं की थेट मधाच्या रंगावर येतो. चिनी लोक याला लाल चहाच म्हणतात, बंगालीतही ‘लाल चा’ म्हणतात. इंग्रजीतला काळा रंग वाळलेल्या पत्तीचा आहे, पेल्यातल्या चहाचा नाही. शिवाय चहाच्या व्यापारात ‘काळा’ ही पत्तीची जात आहे. आपल्या घरोघरच्या दुधाच्या चहाची पूडही काळ्या चहाचीच असते. म्हणून पुड्यावर ‘काळा’ छापलेलं मला चालेल, कपातल्या चहाला ते नाव नको.

एक अडचण उरतेच. कोऱ्या चहात साखर चालते, आलं चालतं, गवती चहाची पात चालते, तरी तो कोराच राहतो. मग हे कोरेपण फक्त दुधापुरतंच का? तुमच्याकडे काय म्हणतात?

*

आमच्या कुडाळकडे ‘कोरी चाय’. मालवणीत चाय स्त्रीलिंगी, म्हणून कोरी.

ताई, तुमचं कापडाचं आणि कागदाचं पटलं, पण ‘कोऱ्यात काही कमी नाही’ हे माझ्या आजीला पटलं नसतं. आमची म्हैस आटली की पुढचे दोन-तीन महिने घरात कोरी चाय. चुलीवर जर्मनची किटली, तिचं बूड धुरानं काळंकुट्ट, झाकणाला दोरी बांधलेली. त्यात पाणी, पूड आणि गुळाचा खडा. आम्हां मुलांना ती चाय फार आवडायची, गुळाचा वास तिच्यात दुधाच्या चहापेक्षा जास्त लागतो. पण कुणी पाहुणा ओटीवर दिसला की आजी आधीच सांगून टाकायची, "दूध नाय हा, कोरी चाय चलात मां?" पाहुणा मोठा असला तर विचारायचीही नाही. मला पेला देऊन मागच्या दारानं शेजारी पिटाळायची. मी पेल्यावर हात धरून परत येईपर्यंत ती पाहुण्याला बोलण्यात गुंतवून ठेवायची.

म्हणजे शब्द कोरा असला तरी त्याच्यावर ‘घरात दुभतं नाही’ हे लिहिलेलं होतं. आता माझी मुलगी मुंबईत हौसेनं तोच चहा पिते, त्याला ‘ब्लॅक टी’ म्हणते आणि त्यात गूळही घालते. आजी गेली त्याला बारा वर्षं झाली. तिला हे बघायला मिळायला हवं होतं असं मला फार वाटतं.

गुळावरून एक सांगतो. गुळाच्या उकळत्या चहात दूध घातलं की बऱ्याचदा नासतं. आमच्याकडे त्याला ‘चाय फाटली’ म्हणतात. गूळ आणि कोरेपण यांची जोडी गरिबीइतकीच त्यामुळेही जमली असावी.

*

छत्तीसगडला लागून असलेल्या आमच्या भागात सरळ ‘लाल चाय’. ‘कोरा’ मी पहिल्यांदा पुण्यात शिकायला गेल्यावर ऐकला आणि मला वाटलं, हे चहाशिवाय नुसतं गरम पाणी असणार.

*

वरच्या गोंधळात ‘फिका’ची भर घालतो. आमच्या घरी फिका म्हणजे पूड कमी पडलेला, पाणचट. माझ्या नागपूरच्या साडूंना फिका म्हणजे बिनसाखरेचा. लग्नानंतर पहिल्या भेटीत मी त्यांना "चहा फिका झालाय का?" विचारलं, ते "नाही, गोड आहे" म्हणाले, आणि आम्ही दोघेही वेगळ्याच चहाबद्दल बोलत राहिलो. साखर नको असेल तर ‘अगोड’ हा नेमका शब्द मराठीत आहे, तो वापरावा. ‘कोरा’ साखरेबद्दल काहीच सांगत नाही, हे ताईंचं बरोबर आहे. ‘ब्लॅक टी’ मागवला की मात्र साखर बाजूला पुडीत येते. म्हणून हे दोन शब्द मी एका अर्थाचे धरत नाही.

आता दुधाबद्दल. आपण आज वापरतो ती दाणेदार पूड बहुतेक सीटीसी पद्धतीची, म्हणजे पानं रुळांत चिरडून, फाडून, गोळी करून काढलेली. ही पद्धत 1930 च्या दशकात आसामात निघाली. हा दाणा झटकन रंग सोडतो आणि कडक उतरतो. तुरटपणा असतो चहातल्या टॅनिनांचा. दुधातलं केसीन त्यांना धरून ठेवतं आणि जिभेला तो कमी जाणवतो. म्हणून सीटीसीची पूड पाच मिनिटं खळखळून उकळायची आणि वर दूध नाही, असा चहा कडवट होणारच. ज्यांना कोरा आवडत नाही असं वाटतं, त्यांनी पानाचा चहा घेऊन बघावा. आधण उतरवायचं, मग पत्ती घालायची, झाकून तीन मिनिटं थांबायचं आणि गाळायचं.

पुण्यातल्या अमृततुल्यात कोरा मागून मिळत नाही, कारण पातेल्यात दूध-पाणी एकत्रच उकळत असतं. हैदराबादच्या इराणी हॉटेलांत चहाचा अर्क वेगळा आणि आटवलेलं दूध वेगळं, तिथे कोरा सहज मिळू शकतो. मुंबईच्या इराण्याकडे तर ‘पानी कम’ म्हणून आणखी दुधाळ चहा मागतात. आणि खुद्द इराणमध्ये चहा कोराच पितात, साखरेचा खडा दातांत धरून!

*

मूळ प्रश्न माझा, म्हणून परत लिहिते.

कुडाळच्या आजींचा पेला वाचून मी माझं एक वाक्य मागे घेते. ‘कोऱ्यात काही कमी नाही’ हे मी म्हणू शकते, कारण माझ्या फ्रिजमध्ये दूध असतं आणि मी ते घालत नाही. ज्यांच्याकडे घालायला दूध नव्हतं त्यांच्या तोंडी याच शब्दाचं वजन वेगळं होतं. तरीही त्यांनी शब्द मात्र ‘बिनदुधाची’ असा वापरला नाही, ‘कोरी’च म्हटलं. याचं मला फार अप्रूप वाटतं.

कोरेपण दुधापुरतंच का, याचं मला पटलेलं उत्तर असं: साखर, आलं, गवती चहा यांनी चहाची चव बदलते, पण पेल्यातून आरपार दिसतं. दुधाचा एक चमचा पडला की दिसेनासं होतं. कागदावर शाई पडावी तसं. कॉफीलाही हेच लागू होतं, आणि माझ्या ऑफिसात दोघीजणी आताशा सहज ‘कोरी कॉफी’ म्हणतात. मी त्यांना शिकवलेलं नाही.

‘लाल चाय’ मी वहीत टिपून ठेवलंय. खानदेश आणि मराठवाड्यातल्यांनी अजून काही लिहिलेलं नाही. तुमच्याकडचा शब्द सांगा, आणि तो तिथे पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, तेही सांगा.