एम.एस्सी. मॅथ्स भाग १: फळ्यावर सगळं कळतंय, वही मिटली की काय सुद्धा सुचंना

गडहिंग्लज_ते_विद्यानगर
नमस्कार मंडळी. गावाकडनं आलोय, कोल्हापुरात राजारामपुरीत रूम घेऊन एम.एस्सी. मॅथ्स करालोय, पहिलं वर्ष. बी.एस्सी.ला मार्क चांगले होते, कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन सगळं हातात बसलेलं, मागचे पाच-सहा पेपर सोडवले की काम व्हायचं. इथं रिअल अ‍ॅनालिसिस आणि टोपोलॉजीनं पार वाट लावलीय. सर प्रूफ लिहितात तेव्हा ओळ न् ओळ कळते आणि रूमवर येऊन स्वतः लिहायला बसलं की पहिली ओळच येत नाही. कॉम्पॅक्ट सेटची व्याख्या झोपेतनं उठवलं तरी सांगीन, प्रत्येक ओपन कव्हरला फायनाइट सबकव्हर (म्हणजे ओपन सेटनी कसाही झाकला तरी त्यातले मोजकेच झाकायला पुरतात), पण ह्याचं करायचं काय आणि असलं सुचलं तरी कुणाला? रूममेट म्हणतोय पाठ कर आणि सरळ नेट-सेटचा (प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षांचा) क्लास लाव. क्लासची फी घरी सांगायची सोय नाही, त्यात वडील दर फोनला विचारतात ह्याचं पुढं काय होतं. जाणकारांनी सांगा जरा.

निवांत_मिसळ
भावा पाठ करून पेपर सुटतोय, उगच डोक्याला ताप कशाला. आमच्या बॅचची निम्मी पोरं तशीच पास झालीत.

उघडा_पण_बंद_पण
पास होतील की, पण पुढच्या वर्षी फंक्शनल अ‍ॅनालिसिस आलं की त्याच पोरांचे चेहरे बघा.

मूळ प्रश्नाकडं येतो. व्याख्या पाठ असून उपयोग नाही, ती कुठं मोडते ते बघायला पाहिजे. शून्य ते एक हा ओपन इंटरव्हल घे, म्हणजे दोन्ही टोकं सोडून. त्याला कव्हर कर असं: १/२ ते १, १/३ ते १, १/४ ते १, असं पुढं चालूच. सगळे मिळून पूर्ण इंटरव्हल झाकला जातो. आता त्यातले कुठलेही मोजके उचल, समज सगळ्यात लांबचा १/५० ते १ आहे, तर शून्य ते १/५० चा तुकडा उघडाच राहिला. म्हणजे हा सेट कॉम्पॅक्ट नाही. आता दोन्ही टोकं आत घे. शून्याला झाकायला एक ओपन सेट घ्यावाच लागणार आणि तो शून्याजवळचा थोडा भागही गिळतो, मग जो तुकडा मघाशी सुटत होता तो सुटायला जागाच नाही. (हे झालं एका कव्हरपुरतं. कुठलंही कव्हर दिलं तरी चालतं हे दाखवायला सुप्रीमम (सगळ्यात लहान वरची मर्यादा) लागतो, ते प्रूफ आता वाच, वेगळंच दिसंल.)

उपयोग काय म्हणशील तर बंद इंटरव्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन बाउंडेड असतं हे बी.एस्सी.ला मान्य करून सोडलेलं असतं. प्रत्येक बिंदूच्या आसपास फंक्शन कुठल्यातरी आकड्याच्या आत राहतं, पण बिंदू अनंत, त्यामुळं आकडेही अनंत, आणि अनंत आकड्यांत सगळ्यात मोठा असेलच असं नाही. कॉम्पॅक्टनेस म्हणतो मोजकेच बिंदू पुरे आहेत. मोजक्यांत मोठा असतोच, संपलं प्रूफ. ओपन इंटरव्हलवर १ भागिले एक्स घेऊन बघ, शून्याकडं जाताना कसं हातातनं निसटतंय.

सुचलं कुणाला म्हणालास ना, एकाला आणि एका झटक्यात नाहीच. बोरेलनं १८९५ मध्ये इंटरव्हलसाठी काउंटेबल (१, २, ३ असे नंबर देता येतील अशा) कव्हरपुरतं मांडलं, कॉम्पॅक्ट हा शब्द फ्रेशेनं १९०४-०६ च्या सुमारास आणला पण त्याचा अर्थ लिमिट पॉइंटवर होता, आणि आपण पाठ करतो ती ओपन कव्हरवाली व्याख्या अलेक्झांड्रोव आणि उरिसोन ह्या दोघांनी १९२० च्या दशकात पुढं आणली. इतक्या हुशार माणसांना पंचवीस-तीस वर्षं लागली, तू एका सेमिस्टरात अडकलास तर बिघडलं कुठं.

माझी पद्धत सांगतो. थिअरम आलं की त्यातली एक अट खोडायची आणि उलटं उदाहरण शोधायचं. सापडलं की ती अट प्रूफमध्ये नेमकी कुठल्या ओळीत वापरलीय ते शोधायचं. ती ओळ सापडली की बाकीचं प्रूफ आपोआप लिहिता येतं, पाठ करावं लागत नाही.

सीएचबी_मास्तर
वरच्या मित्रानं गणिताचं सांगितलं, मी पोटाचं सांगतो कारण वडिलांना उत्तर तेच द्यायचंय. सीनियर कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर नेट किंवा सेट पाहिजेच. जागा निघेपर्यंत बहुतेक जण माझ्यासारखे तासिका तत्त्वावर, जितके तास घेतले तितके पैसे, मे महिन्यात घरात बसून कोकण फिरायचं मोबाईलवर. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

क्लासचं म्हणशील तर पहिल्या वर्षात अजिबात लावू नको. सीएसआयआर नेटचा (सायन्सवाल्यांच्या नेटचा) पेपर २०० मार्कांचा, ए, बी, सी असे तीन पार्ट, त्यातले ९५ पार्ट सी ला, ६० प्रश्नांतले २० सोडवायचे, एकेक ४.७५ मार्कांचा. एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय टिपले तरच मार्क, अर्धे टिपले तर भोपळा. निगेटिव्ह मार्किंग पार्ट सी ला नाही, ए आणि बी ला आहे. आता तूच सांग, असल्या प्रश्नाला पाठांतर काय कामाचं? तिथं लागतात ती उलटी उदाहरणंच. सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, विषयाचा पेपर १०० प्रश्न २०० मार्क, तो त्यामानानं सरळ असतो. दुसऱ्या वर्षाला असतानाच नेटचा फॉर्म भरता येतो. जेआरएफ (संशोधन करताना मिळणारी फेलोशिप) निघाली तर महिन्याला ३७ हजार, घरच्यांना हा आकडा सांग, फोनवरचा आवाज बदलंल.

लिनिअर अल्जेब्रा पक्कं कर हे मात्र आत्ताच सांगतो. नेटला भरपूर प्रश्न त्यातले येतात आणि पोरं बी.एस्सी.ला झालंय म्हणून सोडून देतात.

मंगळवार_पेठ_एक्सप्रेस
मास्तर, सगळ्यांनीच प्राध्यापक व्हायला पाहिजे असं कुठं लिहिलंय का? मी मॅथ्समध्येच एम.एस्सी. केलं, आता पुण्यात डेटाच्या कामात आहे. पायथन आणि स्टॅटिस्टिक्स बाजूनं शिकले, आणि लिनिअर अल्जेब्रातलं आयगेनव्हॅल्यू, सिंग्युलर व्हॅल्यू डीकंपोझिशन हे रोजच्या वापरात आहे. टोपोलॉजी थेट कधी लागली नाही खरं सांगायचं तर, पण इंटरव्ह्यूत समोरच्यानं "हे असं का" विचारल्यावर गप्प बसावं लागलं नाही ते त्यामुळंच.

आणि पैशाचं टेन्शन असंल तर एनपीटीईएल ह्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर फुकट आहेत. एमटीटीएस ह्या गणिताच्या शिबिराचा अर्ज पण भर, १९९३ पासून चालतंय, उन्हाळ्यात असतं, तिथं फळ्यावर आधी तुम्हालाच उभं करतात. तोवर विद्यापीठाच्या खर्डेकर लायब्ररीत दोघं-तिघं मिळून बसा आणि आळीपाळीनं एकमेकांना प्रूफ समजावून सांगा. समोरचा "थांब, हे कसं आलं" म्हणाला की कळतं आपल्याला कुठं कळलेलं नाही ते.

गडहिंग्लज_ते_विद्यानगर
सगळ्यांना धन्यवाद, मास्तर ३७ हजाराचं सांगितलं घरी, बाबा म्हणाले मग अभ्यास कर की 😄

अट खोडायचं करून बघितलं. 'क्लोज्ड आणि बाउंडेड सेट कॉम्पॅक्ट असतो' ह्या थिअरममधलं बाउंडेड खोडलं, तर पूर्ण रिअल लाइन, कव्हर उणे एक ते एक, उणे दोन ते दोन, असं वाढत जाणारं. मोजके घेतले की बाहेरचं उघडं राहतंय. बरोबर ना? पण मग क्लोज्ड आणि बाउंडेड दोन्ही आहे आणि तरी कॉम्पॅक्ट नाही असं काही असतं का, का ते कॉम्पॅक्टच धरायचं?

उघडा_पण_बंद_पण
एकदम बरोबर. आणि धरायचं नाही, ते आर एन मध्ये (रिअल लाइन, प्रतल आणि तसल्याच एन मितींच्या जागेत) चालतं, सगळीकडं नाही. नॅचरल नंबर घे आणि डिस्क्रीट मेट्रिक लाव, वेगळ्या कुठल्याही दोन आकड्यांतलं अंतर १. पूर्ण सेट क्लोज्ड आहे, बाउंडेड पण आहे. आता प्रत्येक आकड्याला त्याचा एकट्याचा ओपन सेट दे आणि त्यातला एक जरी काढला तर काय होतंय ते इथं लिही.

गडहिंग्लज_ते_विद्यानगर
तो आकडा उघडा पडतोय! म्हणजे एक सुद्धा काढता येत नाही, फायनाइट तर लांबच.