ऑप्टोमेट्रिस्टच्या रजिस्टरमधून नाव काढून घेण्याबाबत मदत हवी आहे

घोडबंदरची:
नमस्कार. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणारी, असून मला रजिस्टरमधून नाव कमी करून घ्यायचे आहे. ३१ मार्चपर्यंत हे झाले नाही तर पुढच्या वर्षाची फी माझ्या माथी बसेल. अर्ज कोठे करायचा आणि किती दिवस लागतात, एवढेच कृपया सांगावे.

वाशीकर:
आपण कोणत्या रजिस्टरबद्दल विचारत आहात? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण होते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. माझ्या मेहुण्यांना ४ पॉइंट कमी पडले, तेव्हा त्यांनी पनवेलच्या एका परिषदेत रविवारभर बसून ते मिळवले.

घोडबंदरची:
मी डॉक्टर नाही, हे पहिल्याच वाक्यात लिहिले आहे. रजिस्टर ब्रिटनच्या जनरल ऑप्टिकल कौन्सिलचे आहे. लेस्टरला ६ वर्षे नोकरी करून ऑक्टोबरमध्ये मी ठाण्याला परत आले.

जुना_ठाणेकर:
मग अर्ज तरी कशाला करता? फी भरू नका, नाव आपोआप गळेल. माझ्या पुतण्याने तसेच केले आणि त्याला कोणी विचारले नाही.

चष्मेवाली_ताई:
काका, नाव गळणे वेगळे आणि आपण होऊन काढून घेणे वेगळे. उद्या दुसऱ्या देशात नोंदणी करायची वेळ आली की हा फरक समजावत बसावे लागते. कौन्सिलकडचा अर्ज तिच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यातून करता येतो. परंतु आपण तेथे एनएचएसच्या, म्हणजे तेथील सरकारी आरोग्यसेवेच्या, खर्चाने होणाऱ्या तपासण्या करत असाल, तर एनएचएस इंग्लंडच्या परफॉर्मर्स लिस्टमध्येही आपले नाव असणार. ती यादी पूर्णपणे वेगळी आहे, आणि तिच्यातून बाहेर पडायचे असल्यास साधारणपणे ३ महिने आधी कळवावे लागते, म्हणजे फेब्रुवारी संपत आलेला असताना तुमची ३१ मार्चची तारीख तेथे उपयोगाची नाही. आणखी एक विचारते: आपल्याविरुद्ध एखादी तक्रार प्रलंबित नाही ना?

घोडबंदरची:
तक्रारीचा येथे काय संबंध? मी फक्त अर्जाची पद्धत विचारली होती.

जुना_ठाणेकर:
उगाच घाबरवू नका. राजीनामा द्यायलाही परवानगी लागते का?

चष्मेवाली_ताई:
नोकरीचा राजीनामा मालकाला देतात. रजिस्टर असते ते रुग्णांच्या रक्षणासाठी. चौकशी चालू असेल तर नाव काढण्याचा अर्ज आपोआप मंजूर होत नाही. सार्वजनिक हित पाहून रजिस्ट्रार त्यावर निर्णय घेतो. परफॉर्मर्स लिस्टमधूनही अशा वेळी परवानगीशिवाय बाहेर पडता येत नाही, कारण तसे जमले असते तर प्रत्येकाने चौकशीचे पत्र येताच नाव काढून घेतले असते.

घोडबंदरची:
ठीक आहे, लिहिते. डिसेंबरमध्ये कौन्सिलचा एक ईमेल आला होता. साठीतल्या एका बाईंना डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होत होते आणि काळे ठिपके तरंगताना दिसत होते. दुकानात प्रत्येक रुग्णाला २० मिनिटे मिळत, म्हणून बाहुली मोठी करण्याचे थेंब न घालताच मी तपासणी उरकली आणि १५ दिवसांनी या असे सांगितले. त्याआधीच त्यांच्या डोळ्यातील पडदा (रेटिना) सुटला. मी परत आले म्हणजे विषय संपला असे धरून ईमेलला उत्तर दिले नाही.

वाशीकर:
येथे काम करणार असाल तर संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात ऑप्टोमेट्रिस्टही येतात, तेव्हा राज्य परिषदेकडे चौकशी करावी.

चष्मेवाली_ताई:
वाशीकर, त्यांनी हे विचारलेले नाही. ताई, नाव काढण्याचा विषय तूर्त बाजूला ठेवा. तेथे असताना आपला जो व्यावसायिक विमा होता त्या कंपनीला आजच कळवा, त्यांच्या वकिलाशी बोला आणि मगच ईमेलला उत्तर द्या. त्या दिवशीची २० मिनिटांची वेळापत्रके मिळाली तर तीही मागवून घ्या.

घोडबंदरची:
आज रात्रीच विमा कंपनीला लिहिते. आणखी एक अडचण आहे. बाबांनी नौपाड्यातील दुकानासाठी माझ्या नावाची ५०० कार्डे छापून आणली आहेत आणि त्यांवर नावाखाली ०१ ने सुरू होणारा माझा ब्रिटनचा नोंदणी क्रमांक आहे. ती वाटली तर चालतील का?

चष्मेवाली_ताई:
नाही. गठ्ठा सोडूसुद्धा नका.