मदत हवी आहे: स्लॅबचे घर रात्री थंड राहावे यासाठी एसीशिवाय काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

बेळगाव जिल्ह्याच्या अथणी तालुक्यातील आमच्या गावी जुने माळवद (मातीचे सपाट छत) उतरवून त्या जागी बांधलेल्या एकमजली स्लॅबच्या घरात आम्ही राहतो. एप्रिल-मे महिन्यांत इकडे पारा 40 अंशांच्या आसपास जातो. मात्र दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीचा उकाडाच माझ्या वृद्ध आईला अधिक सोसवत नाही. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवते आणि सूर्य मावळल्यावर ती खोलीत सोडत राहते, त्यामुळे अंगणात गार वारा सुटलेला असतानाही आत छतालगतची भिंत हाताला गरम लागते आणि पंखा वरची तापलेली हवाच खाली ढकलतो. आई सोप्यातील शहाबादी फरशीवरून ओला फडका फिरवते, ओल टिकेल तोवर तिथेच पाठ टेकते आणि फरशी सुकली की पुन्हा उठून बसते. तिला या वयात अशी रात्र काढावी लागते, हे मला पाहवत नाही.

एसीचा थंड झोत तिच्या सांध्यांना मानवत नाही. शिवाय वळवाचा पाऊस आला की इकडे वीज बराच वेळ जाते. कूलर आहे, हवा कोरडी असेपर्यंत, खिडकी उघडी ठेवली तर त्याचा चांगला उपयोग होतो, परंतु वळीव पडून हवेत दमटपणा आला की त्याचा गारवा कमी होतो. बेळगावजवळच्या खानापूरचे नातेवाईक म्हणतात की त्यांना पंखा पुरतो, पण सह्याद्रीच्या कुशीतले कौलारू, झाडांच्या सावलीतले घर आणि आमचे उघड्या माळावरचे घर यांची तुलना होऊ शकत नाही.

म्हणून स्लॅब मुळात तापूच नये, असा उपाय मला हवा आहे. त्यावर पाणी मारणे मला पटत नाही, कारण उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र कोरडे पडते आणि प्यायच्या पाण्याचीच ओढाताण असते. उसाचा पाला पसरण्याची रीत इकडे आहे, पण त्यात उंदीर-साप शिरतात आणि ठिणगी पडली तर आगीचे भय, त्यामुळे तो मार्गही नको वाटतो. आता दोन पर्याय उरतात: दरवर्षी उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात देणे, किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे कायमचे बसवून घेणे. चुना स्वस्त आहे, पण पावसाळ्यात धुऊन जातो. फरशी टिकते, पण तिच्यासाठी मसाल्याचा थर द्यावा लागतो आणि तो भार जुन्या स्लॅबला झेपेल का, हे गवंडी नीट सांगत नाही.

ज्यांनी यांपैकी काही प्रत्यक्ष केले आहे त्यांनी रात्रीच्या उकाड्यात नेमका किती फरक पडला आणि पुढच्या पावसात गळती झाली का, हे कृपया लिहावे. आईच्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, म्हणून खिडकीबाहेर बांबूचा तट्टा लावण्याचा माझा विचार आहे. तो वाऱ्यात टिकण्यासाठी कसा बांधावा? आणि स्लॅबपासून दोन-तीन फूट वर हिरवी जाळी ताणली, तर नुसत्या सावलीने चुन्याइतका गुण येतो का?