मॅक्सिमा (गणित सोडवणारं सॉफ्टवेअर): एफ(3) दिलं की एरर का?

प्रश्न: एफ(एक्स) := डिफ(एक्स^2, एक्स) लिहिलं (डिफ म्हणजे एक्सच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह). एफ(3) ला 6 यायला हवं, तर दुसरा आर्ग्युमेंट व्हेरिएबल नाही म्हणून एरर.

उत्तर 1: := उजवी बाजू न सोडवता तशीच ठेवतं. एफ(3) म्हटल्यावर आधी 3 बसतो, मग डिफ चालतं. 3 च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह कसं निघणार? डिफाइन(एफ(एक्स), डिफ(एक्स^2, एक्स)) लिहा, 2*एक्स साठवलं जाईल.

उत्तर 2: त्याआधी किल(एक्स) करा. एक्सला जुनी किंमत चिकटलेली असेल तर डिफाइनही तिथेच अडकतं.

प्रश्नकर्ता: चाललं! पण एक्स^4 मध्ये एक्स^2 च्या जागी वाय घालायला सब्स्ट(वाय, एक्स^2, एक्स^4) दिलं, तर ढिम्म हलत नाही.

उत्तर 1: सब्स्ट फक्त लिहिलेलं रूप जुळवतं, एक्स^4 मध्ये एक्स^2 हा तुकडाच नाही. रॅटसब्स्ट वापरा, वाय^2 मिळेल.