मर्सिनरीज: पत्ते जिवंत पकडायचे कसे?

प्रश्न: 2005 चा 'मर्सिनरीज: प्लेग्राउंड ऑफ डिस्ट्रक्शन' हा व्हिडिओ गेम खेळतोय. यात पकडायच्या उत्तर कोरियाच्या 52 माणसांना खेळायच्या पत्त्यांची नावं आहेत. त्यातला एखादा जिवंत पकडायला गेलो की तो स्फोटात मरतो, आणि बक्षीस निम्मंच मिळतं. काय करू?

उत्तर १: रॉकेट लाँचर आवरा! आधी लांबून पहारेकरी टिपा. मग जवळ जाऊन बंदुकीचा दस्ता हाणा, बेड्या घाला, हेलिकॉप्टर बोलवा. ते येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नका.

उत्तर २: उत्तर कोरियाच्या सैन्याचीच जीप पळवा. पहारेकरी आपलाच समजून सोडतात; अधिकाऱ्याजवळ मात्र बिंग फुटतं. मला तर बॉम्बफेकीपेक्षा हे गुपचूप आत शिरणंच जास्त आवडतं.

प्रश्नकर्ता: जीपची युक्ती जमली! पहिला जिवंत पत्ता हातात. आता इस्पिकचा एक्का, जनरल साँग!